अण्णांच्या नावावरचा एकोणीस किलो रस्ता

काट्यावर आमची गाडी कागदावरच्या वजनापेक्षा अठ्ठावीस किलो जास्त भरली, कारण तिच्यात रोजचे रस्ते साठले होते. यात नवल काही नाही. रोज वापरातल्या कुठल्याही गाडीत ते साठतात. माणूस आवडीनं जातो त्या रस्त्याचं वजन काट्यावर दिसतही नाही. मनाविरुद्ध जातो तो मात्र तळाशी बसतो आणि दर फेरीला थोडा थोडा वाढतो.

एरवी हे वजन कुणाला नडत नाही, ट्रॅक-डेला नडतं. कोल्हापूरपासून तासाभरावरच्या ट्रॅकवर महिन्यातला एक रविवार आमच्यासारख्या हौशी लोकांना मिळतो. घरचीच गाडी न्यायची, हेल्मेट घालायचं आणि वीस-वीस मिनिटं मनसोक्त पळवायची. फक्त कागदावरच्या वजनापेक्षा एक किलोही जास्त चालत नाही. स्टेपनी आणि मागची सीट काढली तर कागदावरूनही तेवढं वजा करतात, त्यामुळे तिथं पळवाट नाही. नियम उगाच केलेला नाही. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या वळणावर एकाचा सासुरवाडीचा रस्ता निसटला आणि मागच्या चार गाड्या थेट त्याच्या सासऱ्यांच्या दारात जाऊन थांबल्या. सासऱ्यांनी सगळ्यांना चहा दिला म्हणतात.

मी चार वर्षं या रविवारासाठी झुरत होतो. माझी लाज सांगायची तर ती एवढीच.

गाडी मुनीरभाई शिकलगारांच्या गॅरेजला होती. त्यांनी नवे ब्रेकपॅड घातले, ब्रेक ऑइल बदललं, स्प्रिंगा कडक बसवल्या, चाकांचं अलाइनमेंट वळणांच्या हिशेबानं केलं. शनिवारी सकाळी गाडी वर उचलून ते टॉर्च घेऊन खाली शिरले.

"दोन रस्ते हाईत," ते खालूनच म्हणाले. "एक हापिसचा, नऊ किलो. तुमच्या नावावर हाय, सही करा, काढतो. आजची रजा टाका म्हणजे झालं."

"आणि दुसरा?"

"दुसरा दवाखान्याचा. एकोणीस. तो वडलांच्या नावावर हाय."

आई गेल्यापासून घरात अण्णा आणि मी, दोघंच. अण्णांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सोमवारी आणि गुरुवारी मी त्यांना याच गाडीतून डायलिसिसला न्यायचो. दोन वर्षांत एक खाडा नव्हता.

मुनीरभाईंनी मला नियम नीट समजावले. रस्ता उतरवला की ज्याच्या नावावर तो असतो, त्याला तिथं कुठल्याच वाहनानं पोचता येत नाही, चालतसुद्धा नाही. उतरवताना त्याची एक सही लागते, बसवताना दुसरी. रविवारी संध्याकाळी सातच्या आत परत बसवला तर काही बिघडत नाही. सातनंतर रस्ता वाळतो आणि वाळलेला रस्ता कुणालाच बसवता येत नाही.

त्याच वेळी मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "विचारून बघतो."

अण्णांनी एकतीस वर्षं साखर कारखान्याचा ट्रक चालवला होता. त्यांनी चष्मा लावून फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला.

"किती भरला म्हणालास?"

"एकोणीस किलो."

"मला वाटलं पंचवीस तरी असंल," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली. मला भरून आलं. मला वाटलं, बापानं पोराच्या हौसेसाठी केली.

रविवारी अण्णा माझ्याबरोबर ट्रॅकवर आले. तपासनीस बाईंनी गाडी काट्यावर घेतली. वजन कागदाइतकं भरलं आणि त्यांनी काचेवर हिरवा कागद चिकटवला. अण्णा कठड्याजवळ खुर्ची टाकून बसले. पहिल्या फेरीनंतर मी आलो तर म्हणाले, "दुसऱ्या वळणाला आत शिरल्यावर ब्रेक मारतोस. भितोस कशाला? आधी सरळ असतानाच मार, आन् मग सोडून दे." मी तसं केलं. दोन मिनिटं नऊ सेकंदांचा फेरा एक अठ्ठावन्नवर आला. गाडी कुठंही अडत नव्हती. त्या दुपारी मी सुखात होतो. ते सुख कशातून आलं होतं हे मला ठाऊक होतं, तरीही होतो.

साडेपाचला मुनीरभाई टेम्पो घेऊन आले. रस्ते ओल्या पोत्यांत गुंडाळलेले होते. माझा त्यांनी दहा मिनिटांत बसवला. मग अण्णांच्या पुढ्यात फॉर्म आणि पेन ठेवलं.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले.

"सही लागती, अण्णा."

"म्हाईत हाय. न्हाई करायची मला."

मुनीरभाईंनी माझ्याकडे बघितलं, मग फॉर्म उलटा केला. "मग मागं कारण लिवावं लागतंय."

अण्णांनी लिहिलं : कंटाळा.

"कंटाळा चालत न्हाई," मुनीरभाई हळूच म्हणाले. "तसा रकाना न्हाई. वैयक्तिक लिवा."

अण्णांनी खाडाखोड करून वैयक्तिक लिहिलं.

मी त्यांच्या पायाशी बसलो. म्हटलं, अण्णा, चुकलो, परत ट्रॅकचं नाव काढणार नाही. मीच सही करतो म्हणून पेनही उचललं, पण मुनीरभाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. दुसऱ्याच्या सहीनं बसवलेला रस्ता धरत नाही. अण्णा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्यामुळं न्हाई रं. मला उतरवता येतोय हेच म्हाईत नव्हतं." मी त्यांच्यावर चिडलो, रडलो, पुन्हा चिडलो. सातला मुनीरभाईंनी पोतं दाबून पाहिलं. ते कडक झालं होतं.

सोमवारी सकाळी मी तरीही रिक्षा आणली. अण्णा बसले. रिक्षा तीनदा वळली आणि तिन्ही वेळा आमच्याच फाटकाशी आली.

"उतरवलाय व्हय?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"हो. दुसऱ्या एखाद्या दवाखान्यात नेता येईल का?"

"सगळे दवाखाने त्याच एका रस्त्यात धरत्यात, साहेब," तो म्हणाला.

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनीही आधी रस्त्याचंच विचारलं. मग म्हणाले, आठ ते दहा दिवस, पाणी बेतानं द्या. मी दहा धरले आणि ऑफिसला तेवढ्या रजेचा अर्ज पाठवला.

अण्णा तोवर गाडीपाशी उभे होते. त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला, मी दिली. राधानगरीपर्यंत त्यांनीच चालवली. वळणं ते सुरेख घेत होते. मी शेजारी बसून पट्टा लावला आणि दिवस मोजायला लागलो.