चकण्या फौजेची बखर

॥ श्री कुंचला समर्थ ॥ ओल्या रंगास बोट लाविले असता डाग कायमचा राहतो, सबब सर्व वाळल्यावर हे लिहावयास घेतले. शके १९३९, हेमलंबीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी तिसऱ्या मजल्याच्या गडावर राजश्री हेरंबराव राज्य करीत होते. राज्य म्हणजे जेवणाचे मेज. त्यावर थर्माकोलाचे डोंगर, भांडी घासावयाच्या काथ्याची झाडी आणि निळ्या रंगाची एक नदी, जीस पाणी कधी आले नाही, पूर मात्र चहाचा येत असे. फौज म्हणजे बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे शिपाई, डबीतून निघत ते करडे आणि सगळे एकसारखे. मग हेरंबरावांनी त्यांचे अंगावरील साच्याच्या रेघा पात्याने खरवडाव्या, आणि एकेकास बाटलीच्या बुचावर चिकटवावे, आणि गच्चीत नेऊन काळे अस्तर फवारावे, आणि मग पातळ रंगाचे हात एकावर एक द्यावे, मध्ये मध्ये कुंचल्याचे टोक ओठांत धरोन अणकुचीदार करावे, ऐसी रीत होती. तेणेकरून त्यांचे ओठ नित्य कोणत्या ना कोणत्या रंगाचे असत. कचेरीतील लोक कारण पुसत, तेव्हा काय सांगत हे आम्हांस ठाऊक नाही.

या राज्यास शत्रू एकच, राजश्री निळकंठराव, मागल्या गल्लीत राहणारे, शाळेपासूनचे. शत्रू ऐसा की शनिवारी दुपारी आपली फौज डब्यात घालोन चालून आला नाही तर हेरंबरावांस जेवण गोड लागू नये. निळकंठरावांचे घराणे गणपतीच्या कारखान्याचे. तेथे मूर्तीचे सर्व रंगकाम उरकले तरी डोळ्यांची आखणी होईतो ती माती, आणि आखणी जाहली म्हणजे देव, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. म्हणोन त्यांनी तहाचे बोलणे लाविले, ते ऐसे: “आपल्या शिपायांचे डोळे आपण नाही काढायचे. तुझ्यांचे मी काढणार, माझ्यांचे तू. ज्याला फासे टाकून मारायचं, त्याच्या तोंडाकडे एकदा तरी नीट बघितलेलं असावं.” हेरंबराव म्हणाले, “आणि डोळे नसलेला मैदानात उतरणार नाही.” “नाहीच उतरणार.” तेव्हा राणीसाहेब शलाकाबाई स्वयंपाकघरातून बोलिल्या, “काढा एकमेकांचे डोळे, आणि मग मेज पुसून द्या.” येणेप्रमाणे तह जाहला आणि तो कधी मोडला नाही.

परंतु यात एक गंमत जाहली. निळकंठरावांचा हात घराण्याचा, त्यांनी उघडिलेले डोळे ऐसे की शिपाई आता पापणी लववील. हेरंबरावांचा हात अंगरख्यास, ढालीस, घोड्याच्या आयाळीस चांगला, पण डोळ्यापाशी आले की श्वास कोंडावा, आणि कोंडला की हात उडावा, आणि एक बुबुळ नाकाकडे तर दुसरे खांद्याकडे जावे. तेणेकरून निळकंठरावांची फौज तमाम चकणी. लढाई हरले म्हणजे ते म्हणत, “माझे लोक तुझ्याकडे बघतच नव्हते रे, जिंकणार कसे?” आणि दोघे राजे इतके हसत की फासे मेजाखाली जात.

मग त्याच मार्गशीर्षात निळकंठरावांस बर्फाच्या मुलखातील चाकरी मिळाली, आणि ते फौजेचा डबा बगलेत घेऊन, “पुढच्या वर्षी येतो, नक्की,” ऐसे म्हणोन निघोन गेले. पुढील वर्ष पंचांगात पाहिले तो विलंबीनाम संवत्सर. त्याने नाव राखिले. त्यामागून विकारी आले, मग शार्वरी आले, तेव्हा तर सर्व वाटा बंद पडल्या आणि वाणीदेखील तोंड बांधोन येऊ लागला. हेरंबराव रंगवीतच होते. भालाईत जाहले, तिरंदाज जाहले, हत्तीवरचा एक सरदार जाहला, ज्याच्या झुलीवरील वेलबुट्टी एका केसाच्या कुंचल्याने काढिली आणि त्याची छबी निळकंठरावांस दूर देशी पाठविली. आणि ही सर्व फौज आंधळी. शलाकाबाई म्हणाल्या, “एखाद्याचे तू काढ ना. कोण बघतंय?” “निळू बघेल.” “निळू तिकडे आहे.” “म्हणून तर.”  शनिवारी दुपारी हेरंबरावांनी जुनी फौज मांडावी आणि फासे दोन्हीकडचे आपणच टाकावे, तर दोन्हीकडून तेच जिंकत आणि तेच हरत, आणि त्यात काही गोडी नव्हती. त्यांस आपल्या शत्रूची फार आठवण येत असे. बखरकारांनी राजाचे रडे लिहू नये म्हणतात. आम्ही लिहिले.

ऐसे करता करता शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, माघ मास आला आणि वर्तमान आले की निळकंठराव येतात, कारखान्याची जागा विकावयास, फार धावपळ आहे, लढाईस एक रविवार मोकळा. मग गडावर एकच धांदल उडाली. डोंगर झाडिले, नदीस नवा निळा हात दिला, शलाकाबाईंनी कधी नव्हे तो मेजाचा ताबा आपण होऊन सोडिला. निळकंठराव सकाळीच आले. केस पांढरे, चष्मा वर दूरचा आणि खाली जवळचा, बगलेत तोच डबा. मेजावर पाहातात तो बिनडोळ्यांचा समुदाय भिंतीपर्यंत उभा. म्हणाले, “एवढे?” हेरंबराव म्हणाले, “तू येतो येतो म्हणालास. मी काही थांबलो नाही.” मग निळकंठरावांनी डबा उघडिला, आणि त्यातही नवे घोडेस्वार, तांबड्या शेल्यांचे, सुबक, आणि एकासही डोळे नाहीत. हेरंबरावांनी एक स्वार उचलोन उजेडात धरिला आणि बोलिले, “तुझा हात तर चांगला. तुझे तू का नाही काढलेस?” निळकंठराव चष्मा पुसत म्हणाले, “मला चकणेच पाहिजेत.”

मग लढाई कैसी होणार? डोळे नसलेला मैदानात उतरू नये, हा तह. दोघे राजे समोरासमोर बसले, आणि ओठांत कुंचला धरोन एकमेकांच्या शिपायांस दृष्टी देऊ लागले. मेजावर जागा नाही, म्हणोन वरणभात मांडीवर घेऊन जेविले. बोलणे फार जाहले नाही. “हा बघ, हा तुझ्या मामासारखा दिसतोय.” “मामा चकणा नव्हता.” “आता आहे.” इतकेच. ऊन मेजावरून उतरले, खिडकीवरून उतरले, आणि तहाचे काम सरत आले तो खाली गाडीचा भोंगा वाजला. फासा एकदाही पडला नाही. मध्यंतरी पाणी आणावयाच्या निमित्ते हेरंबराव आत गेले होते, तेव्हा हत्तीवरचा सरदार मुठीत होता आणि परत आले तेव्हा मूठ रिकामी होती, हे शलाकाबाईंखेरीज कोणी पाहिले नाही.

निळकंठरावांनी जोडे घातले आणि वळोन म्हणाले, “तो हत्तीवरचा कुठाय रे? फोटो पाठवला होतास तो?” “सापडत नाहीये.” निळकंठरावांनी मित्राच्या तोंडाकडे पाहिले, जसे शिपायाच्या पाहात तसे. “सापडला की कळव. येईन मी.” आणि मग डबा हेरंबरावांच्या हाती देऊन म्हणाले, “हे राहू दे तुझ्याकडे. सामानाचं वजन फार झालंय.” प्लास्टिकच्या शिपायांस वजन किती, हे न कळण्याइतके हेरंबराव भोळे नव्हते. राजा आपली फौज शत्रूच्या गडावर ठेवोन निघोन जातो, यास परत येण्याची हमी म्हणावी की राज्य सोडिले म्हणावे? आम्ही पुष्कळ विचार केला. आम्हांस उमगत नाही, आणि हेरंबरावांस उमगते ते त्यांस नको आहे.

दोन्ही फौजा काचेच्या कपाटात समोरासमोर उभ्या केल्या आहेत. हेरंबरावांची फौज नीट शत्रूकडे पाहाते. निळकंठरावांच्या फौजेत समोर पाहाणारा कोणी नाही, बहुतेकांची नजर डावीकडे गेली आहे, जिकडे दार आहे. सरदार स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यामागे असतो. शलाकाबाई सकाळी चहास साखर काढतात, त्याच्या हत्तीवरील धूळ पदराने टिपतात आणि डबा पुन्हा त्याच्या पुढ्यात सरकवितात. एकदा त्यांनी विचारिले, “कळवलंस का निळूला?” हेरंबराव म्हणाले, “अजून सापडला कुठे?” बाईसाहेबांनी चहा पुढे केला.

एकूण सारांश: लढाई जाहली नाही, तह मोडला नाही, सर्वांचे डोळे उघडले, एक सरदार राहिला. कळविले आणि ते आले नाहीत तर मग काय, म्हणोन कळवीत नाहीत. लेखनसीमा.