खिडकीखालची चार फूट जागा

"टेबल येणार नाही," नकाशेसाहेब म्हणाले आणि कागदावरचा पुठ्ठ्याचा एक तुकडा दोन बोटांत धरून त्यांनी बाजूला ठेवला. चहातली माशी उचलावी तसा.

तो तुकडा म्हणजे शिवणबाईंचं कापड बेतायचं टेबल. पस्तीस वर्षं त्या टेबलापाशी उभं राहून बाईंनी निम्म्या वस्तीच्या अंगावर कपडे घातले होते. घरातल्या माणसांना कुणी नावं ठेवली तर त्या एकवेळ खपवून घेत, पण टेबलावर कुणी पेला ठेवला तर दोन दिवस त्या माणसाची खैर नसे.

"येणार नाही म्हणजे? त्याला काय पाय नाहीत?"

"एक फूट कमी पडतो."

"मग घ्या की थोडं आत ढकलून."

"अगं, भिंत आहे ती. भिंतीला कुठे ढकलू?"

मुलं आपापल्या घरी गेली होती, बाईंचे गुडघे जिना बघितला की कुरकुरत होते, म्हणून पाच खोल्यांचं घर विकून दोन खोल्यांचं घ्यायचं ठरलं. ठरवलं लेकीने, मान डोलावली साहेबांनी, आणि बाईंना शेवटी सांगितलं. तेव्हापासून बाई या विषयावर कुणाशी धड बोलत नव्हत्या.

साहेबांना मात्र कोण हुरूप आला होता. चाळीस वर्षं त्यांनी कचेरीत बसून रस्त्यांचे नकाशे काढले होते. निवृत्त झाल्यापासून मोजायला काही उरलं नव्हतं. घर विकणाऱ्याने नव्या घराचा छापील नकाशा दिला, त्यावरून त्यांनी मोठ्या कागदावर प्रमाणात नकाशा काढला. मग घरातली एकेक वस्तू मोजून तिचा पुठ्ठा कापायचा आणि कागदावर मांडून बघायचा, असा उद्योग सुरू झाला. त्यांची पोलादी टेप पहिल्याच दिवशी चौदा खोक्यांपैकी कुठल्यातरी एकात गेली होती. चौदाही खोक्यांवर त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात 'महत्त्वाचं' असं लिहून ठेवलेलं, मग शोधणार कुठे? बाईंची शिवणाची टेप त्यांनी मागून घेतली.

"टेप देणार नाही कुणाला. मीच धरते," बाई म्हणाल्या. "पण बघणार नाही मी त्या मोजण्याकडे. माझ्या घराचे तुकडे करताय आणि वर मी कौतुकाने बघू?"

त्यांनी टेपचं सुरुवातीचं टोक वस्तूच्या कडेला धरायचं आणि तोंड फिरवून उभं राहायचं. साहेबांनी दुसऱ्या टोकाला वाकून आकडा वाचायचा. साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. कचेरीतसुद्धा चाळीस वर्षं पहिलं टोक शिपाई धरायचा आणि साहेब शेवटचा आकडा वाचायचे. पहिल्या टोकाशी काय असतं हे त्यांनी उभ्या जन्मात वाकून पाहिलं नव्हतं.

कागदावर काही मावेना. आधी दोन खुर्च्या गेल्या. मग जेवायचं टेबल गेलं. मग मुलांची पुस्तकांची मांडणी. देणाऱ्याने देत जावं आणि घेणाऱ्याने दारातून वाकून बघत राहावं, असा आठवडा गेला. शेवटी खिडकीच्या भिंतीवर गाडी अडली. भिंत बारा फुटांची. कपाट, शिवणयंत्र आणि कापडांची मांडणी ठेवली की पुढे सव्वातीन फूट उरत होते आणि टेबल होतं सव्वाचार फुटांचं.

"त्यापेक्षा तुम्हालाच देऊन टाकू कुणाला," बाई म्हणाल्या. "तुम्ही किती जागा अडवता ते मोजलंत का?"

साहेबांनी पुठ्ठ्याचा तुकडा आणखी दोनदा फिरवून पाहिला. उभा, आडवा. बसेना.

टेबल धाकट्या जावेकडे गेलं. परक्याच्या हाती देण्यापेक्षा ती बरी, असं साहेब म्हणाले. बाईंच्या मते ती परक्याहून परकी होती, पण तिचं घर मोठं होतं. धाकटी दारात हसत उभी राहिली. "काळजी करू नका हं जाऊबाई, मी वापरीन. नुसतं पडून नाही राहायचं ते माझ्याकडे."

नव्या घरी सामान लागलं आणि पहिला धक्का बसला. घर मोकळं दिसायला लागलं!

जिथे म्हणून चालायला वाट उरणार नव्हती, तिथे साहेब हात पसरून फिरून आले. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या आरामात मावल्या असत्या, त्या दुसऱ्याच्या अंगणात ऊन खात होत्या. आणि खिडकीच्या भिंतीला, मांडणीपासून कोपऱ्यापर्यंत, चांगली ऐसपैस जागा रिकामी होती. बाई तिथे खाली बसून कापड बेतायला लागल्या. एक झगा कापून झाला आणि त्यांना उठवायला साहेब आणि दाराची कडी असे दोघे लागले. दुसऱ्या दिवशी आलेलं कापड त्यांनी परत पाठवलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी घरात यंत्र वाजलं नाही आणि बाईही बोलल्या नाहीत. साहेबांना हे दुसरं जास्त लागलं.

वरच्या मजल्यावरची नर्स ओळख करून घ्यायला आली ती दारातच थांबली. "अय्या, तुमचं घर किती मोठं!"

"तुमच्याएवढंच असणार," साहेब म्हणाले.

"कसलं हो! माझ्याकडे आडवं चालावं लागतं. तुम्हाला जास्त जागा दिलीय त्यांनी."

नर्स वर गेली आणि तिच्यामागून सगळी इमारत खाली आली. एकीने फरशा मोजल्या. एकाने भिंतीवर बोटाने टकटक करून पाहिलं. इमारतीचे सेक्रेटरी तिसऱ्या दिवशी आले. पाण्याचा पेला हातात घेऊन त्यांनी मवाळ आवाजात विचारलं, "भिंत वगैरे सरकवली नाहीत ना? नाही म्हणजे, शेजारी तक्रार करतोय की त्याचं घर लहान झाल्यासारखं वाटतंय."

"आम्ही अजून खोकी सरकवली नाहीत," बाई म्हणाल्या, "भिंत कशाला सरकवू? गुडघ्याने?"

शेवटी घर विकणाऱ्याचा माणूस आपली टेप घेऊन आला. त्याच्यामागे नर्स, सेक्रेटरी, शेजारी आणि दोन नुसतेच बघे. त्याने एकेक भिंत मोजली. खिडकीची भिंत बारा फूट, नकाशात होती तेवढीच. सगळ्या खोल्या इंचाइंचाने कागदासारख्या निघाल्या. मंडळी हिरमुसली आणि आपापल्या अरुंद घरी गेली.

साहेब मात्र जागचे हलले नाहीत. "भिंत वाढली नाही," ते म्हणाले. "मग सामान आटलं."

"लोकर आहे का ती? धुतल्यावर आटायला?"

"धर बघू टेप. कपाट पुन्हा मोजू."

या वेळी बाईंनी तोंड फिरवलं नाही. त्यांनाही आता उत्सुकता होतीच. त्यांनी टेपचं टोक कपाटाच्या कडेला धरलं आणि खाली पाहिलं. अंगठ्याशी आकडा होता तीन.

बाईंना एकदम आठवलं. सहा वर्षांपूर्वी टेपचं टोक इस्त्रीखाली सापडून जळलं होतं. जळलेले तीन इंच त्यांनी कात्रीने छाटून टाकले. हाताला बसलेली टेप, तीन इंचांसाठी कशाला टाकायची? तेव्हापासून त्या येईल त्या मापातून मनातल्या मनात तीन वजा करत. इतकी सवय झाली होती की वजा करतो हेही आता त्यांना जाणवत नसे. म्हणूनच टेप कुणाच्या हाती देत नसत.

"एकोणचाळीस!" साहेब पलीकडून ओरडले. "होतं तेवढंच!"

बाईंनी अंगठा तीनच्या आकड्यावर घट्ट दाबून धरला.

साहेबांनी यंत्र मोजलं, मांडणी मोजली आणि मग रिकामी जागाही मोजली. कागदावर बेरीज केली. खोडली. पुन्हा केली. मग ते पलंगावर जाऊन बसले.

"काय झालं?"

"बारा फुटांच्या भिंतीवर," ते हळू आवाजात म्हणाले, "तेरा फूट मावलेत."

बाई त्याच वेळी बोलल्या असत्या तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांच्या चुका उसवल्या, तिला स्वतःची एक सांगायला तोंड उघडवेना. आज सांगू, जेवल्यावर सांगू, उद्या सांगू, असं करत दोन दिवस गेले. तेवढ्यात साहेबांनी घरातून दुधाच्या दुकानापर्यंतची पावलं मोजली आणि येताना वेगळी भरली म्हणून घाबरले. लेकीला फोन करून म्हणाले, "डोक्याचा एखादा चांगला डॉक्टर बघून ठेव." आणि तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता म्हणाले, "मी काढलेल्या रस्त्यांवरून लोक रोज गाड्या घेऊन जातात गं."

बाईंनी चहा खाली ठेवला. "उठा. टेबल आणायला जायचं."

"पण मावतं कसं ते आधी—"

"मावतं ना? झालं तर. चला."

धाकटीने त्यांना आत नेलं आणि बाईंनी आपलं टेबल पाहिलं. त्यावर नऊ कुंड्या होत्या. प्रत्येकीच्या खाली ओला गोल डाग. बाई ओरडणारच होत्या, पण मागायला आलेल्या माणसाला ओरडता येत नाही.

"म्हटलं ना, वापरीन," धाकटी म्हणाली. "खाली कशी उंची मिळत नव्हती झाडांना."

"टेबल न्यायला आलोय."

"न्यायला? पण तुमच्याकडे मावत नव्हतं ना? भावोजींनी स्वतः मोजलं होतं." धाकटीने खुर्ची ओढली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. तिच्या डोळ्यांत कुतूहल नुसतं उकळत होतं. "मग आता कसं मावेल? सांगा तरी. नेऊ नका म्हणत नाही मी, पण कळू दे."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"त्याचं काय आहे," ते म्हणाले, "माझंच मोजायला चुकलं. वय झालं. आताशा माझं डोकं—"

"डोक्याला काही झालेलं नाही त्यांच्या!" बाईंचा आवाज इतका चढला की कुंडीतलं एक पान पडलं. "टेप खोटी होती. माझी टेप. पुढचे तीन इंच नाहीत तिला. मी कापलेत, मला माहीत होतं, आणि टोकही मीच धरलं होतं. यांनी वाचलेला आकडा अन् आकडा बरोबर होता. चाळीस वर्षांत बरोबर होता आणि परवाही बरोबर होता."

साहेबांनी तोंड उघडलं, बोटांवर काहीतरी मोजलं. "चार वस्तू... त्रिक बारा!" ते म्हणाले. "एक फूट!" आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा माणसासारखा दिसला. बायकोवर रागवायचंही त्यांना सुचलं नाही.

धाकटी मात्र हसली नाही. ती विचारात पडली होती.

"किती वर्षांपूर्वी कापली टेप?"

"सहा."

"सहा." धाकटी खुर्चीच्या टोकावर आली. "सहा वर्षं तुम्ही शिवलेला एक ब्लाउज मला नीट बसला नाही, जाऊबाई. प्रत्येक वेळी म्हणालात, मी तेवढाच शिवलाय, तूच सुटलीस. मी सहा वर्षं रात्रीचं जेवण सोडलंय. म्हणजे मी जाड झालेच नव्हते? टेपच खोटी होती?"

खरं उत्तर बाईंच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी दर वेळी तीन वजा केलेत, एकही माप चुकलेलं नाही, तू पहिल्या वर्षी जे माप दिलंस ते पुन्हा कधी घेऊच दिलं नाहीस, आणि तू गोदामासारखी वाढलीस. सगळं तयार होतं. पण कुंड्यांच्या मधून टेबलाची कड दिसत होती. आणि शेजारी एक माणूस मुठीत बारा इंच धरून लहान मुलासारखा खूश बसला होता.

"टेपच," बाई म्हणाल्या. एवढा एक शब्द बोलायला त्यांना सहा वर्षांतल्या सगळ्या ब्लाउजांपेक्षा जास्त श्रम पडले.

धाकटीने स्वतःच्या हाताने नऊ कुंड्या उतरवल्या, टेबल पुसलं, वर नवऱ्याला टेम्पो आणायला पिटाळलं. संध्याकाळपर्यंत तिने आपल्या सगळ्या बहिणींना फोन केले होते.

टेबल खिडकीखाली असं बसलं, जसं काही भिंत त्याच्याच मापाने बांधली होती. चौथ्या दिवशी त्यावर पहिलं कापड पडलं ते धाकटीचं. सहा ब्लाउजांचं एकदम घेऊन आली होती. "आता खऱ्या टेपने माप घ्या," म्हणाली आणि हात पसरून उभी राहिली.

बाईंनी कोरी टेप काढली. शून्यापासून धरली आणि आकडा पाहिला. पूर्वीच्या मापापेक्षा साडेचार इंच जास्त.

"किती?" धाकटीने श्वास आत ओढत विचारलं.

"होतं तेवढंच," बाई म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एखादं माप खोटं सांगितलं.

धाकटी हसत हसत घरी गेली आणि म्हणे त्या रात्री पोटभर जेवली. बाईंनी खिडकी उघडली, टेबलावर कापड पसरलं, खडूने साडेचार इंच वाढवून खुणा केल्या आणि कात्री चालवली.