ओ देणारी द्वारकाक्का

टीव्हीवरची बातम्या देणारी मुलगी "नमस्कार" म्हणते, तेव्हा आमच्या धरणगावच्या गल्लीत एक बाई हातातलं काम टाकते, पदर सावरते आणि म्हणते, "नमस्कार बेटा. जेवनी का?"

ही आमची द्वारकाक्का. तिची नि माझी भिंत एकच, त्यामुळे बातम्या आणि त्यावरचे अक्काचे जबाब, दोन्ही मला घरबसल्या फुकट मिळतात. फोनमधली बाई "आप कतार में हैं" म्हणाली, की अक्का तिला धीर देते, "ऱ्हासू उभी, तू घाई करू नको." स्टँडवर गाडीची घोषणा झाली, की कर्ण्याकडे बघून "आयकं भाऊ!"

एकदा मी म्हटलं, "अक्का, ती रेकॉर्ड केलेली बाई आहे. तिला ऐकू येत नाही."

"माले येस ना? बोलनं ना कोनी? मंग ओ देनी पडस."

झालं. माझं मास्तरपण तिथेच संपलं.

मागच्या वर्षी अक्काच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली. भेटायला येऊन मुसमुसणाऱ्या बायांना तिने खाटेवरूनच दम भरला, "रडानं व्हई ते आपला घर जाईसन रडा. आठे फक्त चहा मियी." यंदा तपासणीत यकृतावर डाग दिसले. जळगावचे सर्जन म्हणाले, "डाग मोजके असतील आणि मोठ्या रक्तवाहिनीला खेटून नसतील, तर तेवढा भाग काढता येईल. पण एमआरआयचे फोटो स्पष्ट यायला हवेत. त्यावरच सगळं आहे."

"मंग काढा फोटो," अक्का म्हणाली. "डाग पडना म्हनीसन लुगडं फेकी देतस का?"

मुलगा सुरतला, त्याला रजा नाही, म्हणून मीच तिला घेऊन गेलो. अक्का त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये आडवी झाली. मशीनमधून सूचना आली, "साँस रोकिए." आतून खणखणीत आवाज आला, "रोकी लिधा भाऊ!"

पुन्हा तेच. पुन्हा तेच. तंत्रज्ञ घाम पुसत बाहेर आला. "मावशी, बोललात की श्वास सुटतो. यकृत हलतं, फोटो पुसट येतो. डाग दिसणार कसे?"

"तो इतला मायाथीन सांगस, नि मी मुकी पडी ऱ्हाऊ?"

मी चिडलो. "अक्का, या ओ देण्यापायी जीव जाईल तुझा!"

अक्का गप्प झाली. आजवर मी तिला गप्प पाहिलं नव्हतं, मला भीतीच वाटली. मग नवऱ्याबद्दल, आमच्या नानांबद्दल, ती हळूच बोलली.

"तुन्हा नानानी पाहुनासमोर मन्हा भरीतले नावं ठेवात. मी अबोला धरा. राते त्यास्नी खाटवरतून हाक मारी, 'द्वारके.' मी आयकी. परत मारी. मी रागमा गप बसनू." ती हाताकडे बघत राहिली. "मंग मारी नही."

नाना झोपेत गेले, एवढंच गल्लीला माहीत होतं. इतकी वर्षं मी या बाईच्या ओ देण्यावर हसत आलो.

"अक्का, तू गप पड. तुझी ओ मी देतो."

"बठ्ठासले?"

"बठ्ठासले. सगळ्यांना, एकही हाक वाया जाऊ देणार नाही."

तंत्रज्ञाच्या खोलीत, काचेमागे मी उभा राहिलो. "साँस रोकिए," मशीन म्हणालं. शाळेत गणित शिकवणारा मी छाती भरून ओरडलो, "रोकी लिधा भाऊ!" तंत्रज्ञाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पुढचा नंबर माझाच. पण बोगद्यात अक्का हूं की चूं न करता पडून होती. फोटो लख्ख आले. डाग मोजके होते, काढण्यासारखे होते.

आज ऑपरेशन आहे. मुलगा सुरतेहून आलाय, थिएटरबाहेर बसलाय. जाताना अक्काने घराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि डोळे वटारून बजावलं, "टीव्ही लावजो. पोरगी वाट देखी."

संध्याकाळी तिच्या घरात टीव्ही लावला. अजून जळगावहून फोन नव्हता. पोरगी पडद्यावर आली, "नमस्कार" म्हणाली.

मी सदरा सारखा केला.

"नमस्कार बेटा. अक्का दवाखानामा शे. ती येस तवलगून मी शे ना."