रामटेके काकांची सुधारित यादी

रामटेके काकांशी कुणाची नव्यानं ओळख करून दिली, तर ते त्या माणसाचं गाव, नोकरी, मुलंबाळं यातलं काहीही विचारत नाहीत. चष्मा नाकावर खाली घेतात आणि विचारतात, "तुमच्या मते चढायला सगळ्यात जीवघेणा डोंगर कोणता?"

समोरचा माणूस गांगरतो. बिबवेवाडीत, भाजीच्या गाडीपाशी, हातात कोथिंबिरीची जुडी असताना या प्रश्नाची कुणाचीच तयारी नसते. मग तो एव्हरेस्ट म्हणतो. सगळेच म्हणतात. मीही म्हणालो होतो. त्यावर काका डोळे मिटतात, मान हलवतात आणि म्हणतात, "उंच आणि जीवघेणा यात फरक राहते, भाऊ. भावना बाजूला ठेवा. फाईल काय म्हणते ते पाहा."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की एकदा बायको माझ्या आईबद्दल काही सांगत असताना माझ्याही तोंडून ते निघून गेलं. पुढचे दोन दिवस मी दुकानातच जेवलो.

दुकान म्हणजे आमच्या सोसायटीच्या फाटकाला लागून असलेला माझा एक गाळा. लग्नपत्रिका, बायोडेटा, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स, सगळं एकाच यंत्रातून निघतं. काका तळमजल्यावर राहतात आणि माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आहेत.

ते मूळचे भंडाऱ्याकडचे. त्यांच्या गावात सगळ्यात उंच जागा म्हणजे तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध. तिथून ते विमा कंपनीच्या नोकरीत लागले आणि बदली होऊन पुण्यात आले. तेहतीस वर्षं दाव्यांच्या टेबलावर बसले. माणूस गेला की घरचे अर्ज करणार आणि काका तो तपासणार. केव्हा गेला, कुठं गेला, कशानं गेला. "आणि तिथं मुळात काऊन गेला होता," हा चौथा प्रश्न अर्जात नसायचा. तो काकांचा स्वतःचा.

एकदा त्यांच्या टेबलावर एका गिर्यारोहकाचा अर्ज आला. मृत्यूचं ठिकाण म्हणून कुठल्याशा हिमशिखराचं नाव होतं. साहेब म्हणाले, ठिकाण धोकादायक आहे की नाही, शेरा द्या. काकांनी शेरा देण्यासाठी नकाशा मागवला, मग पुस्तकं मागवली, मग ग्रंथालयात जाऊन बसायला लागले. अर्ज आठवड्यात मंजूर झाला. काका मात्र त्या डोंगरावरून खाली आलेच नाहीत.

निवृत्तीच्या सुमाराला इंटरनेट आलं, खराडीत आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्यातल्या एका इमारतीत काकांच्या मुलीला, सुजाताला नोकरी लागली. तिनं बाबांना कॉम्प्युटर घेऊन दिला. तिथून 'जीवघेण्या पर्वतांची सुधारित यादी' सुरू झाली. दर वर्षी ती माझ्याकडे छापली जायची आणि सोसायटीच्या फळ्यावर, 'उद्या पाणी येणार नाही'च्या शेजारी लागायची.

यादीला अनुक्रमांक, पर्वताचे नाव आणि शेरा असे तीन रकाने होते. शेऱ्यात काकांचा सगळा जीव होता. अन्नपूर्णा कायम पहिली. शेरा: 'स्वभाव लहरी. न सांगता अंगावर बर्फ टाकते. नावावर जाऊ नये.' दुसरा के-टू: 'अत्यंत कडक, पण तशी आधी कल्पना देतो.' तिसरा नंगा पर्वत: 'जुना गुन्हेगार. अलीकडे वर्तन किंचित बरे.' एव्हरेस्ट बराच खाली होता: 'गर्दी. माणसेच माणसांच्या वाटेत.'

पहिल्या यादीखाली आमचे अध्यक्ष देवधर यांनी लाल पेनानं लिहिलं, 'हे येथे लावण्याचे प्रयोजन काय?' दुसऱ्या दिवशी त्याखाली निळ्या पेनानं उत्तर होतं, 'सभासदांची सुरक्षितता.' यादी वर्षभर राहिली.

या देवधरांनीच पुढं एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत जाऊन यायचा पराक्रम केला आणि सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना फोटो दाखवले. दीड तास फोटो चालले होते. शेवटी कुणाला प्रश्न आहेत का, असं त्यांनी विचारायची चूक केली. काका उठले.

"परतीचं विमानाचं तिकीट जायच्या आधीच काढलं होतं का?"

"अर्थात," देवधर म्हणाले.

"मग ही सहल झाली. छान झाली," असं म्हणून काका बसले.

सुजाताला बघायला एक मुलगा आला होता, तेव्हाची गोष्ट तर सोसायटीत पाठ आहे. मुलगा हुशार, अमेरिकेला जाऊन आलेला, पोहे दुसऱ्यांदा मागून घेणारा. सगळं जुळत आलं होतं. काकांनी प्रश्न टाकला. मुलगा म्हणाला, एव्हरेस्ट. इथवर ठीक होतं, पण काकांनी अन्नपूर्णेचं सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला, "अंकल, हू केअर्स?" स्थळ तिथंच संपलं. सुजातानंही फारसं मनाला लावून घेतलं नाही. ती पुढच्याच शनिवारी सह्याद्रीत कुठल्यातरी कड्यावर गेली.

हो, हे सांगायचं राहिलं. सुजाता डोंगर चढायची. आधी ऑफिसच्या ग्रुपबरोबर गडांवर, मग कड्यांवर दोर लावून, मग उत्तरेत जाऊन तिनं बर्फावर चढायचा रीतसर कोर्स केला. काकांनी तिला कधी अडवलं नाही. ती बॅग भरायला लागली की ते फक्त विचारायचे, "परत कधी येशील?" आणि कॅलेंडरवर त्या तारखेला टिंब करायचे.

मग एका मोहिमेत तिची निवड झाली. गढवालातलं एक शिखर, तुम्ही-आम्ही नाव न ऐकलेलं. मी दुकानात कसलंसं बायंडिंग करत होतो, तेव्हा ती काकांना घेऊन फॉर्मच्या झेरॉक्स काढायला आली होती. तिनं सहज विचारलं, "बाबा, तुम्ही सगळ्या जगाला नंबर देता. माझा डोंगर कितवा?"

"त्याची फाईल माह्याकडे नाही," काका म्हणाले.

"चिल बाबा, म्हणजे डेंजरस नसणार," ती म्हणाली आणि हसली.

मी मान वर केली नाही. त्या डोंगराची माहिती काकांनी आठवडाभर माझ्याच प्रिंटरवर छापून नेली होती. पंच मारताना जाडीमुळं माझा अंगठा दुखला होता. पण ज्या माणसाला जगातल्या प्रत्येक डोंगराबद्दल मत होतं, त्याला या एका डोंगराबद्दल बोलता येत नव्हतं.

ती गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका दुकानात येऊन बसले. म्हणाले, तळमजल्यावर मोबाईलला रेंज नाही, इथं बसू का. मी खुर्ची दिली. फोन त्यांनी माझ्या टेबलावर, कात्रीच्या बाजूला ठेवला. बेस कॅम्पच्या वर गेल्यावर फोन लागणार नव्हता, खाली गावात आल्यावरच ती करणार होती. हे त्यांना माहीत होतं. तरी ते रोज यायचे. लग्नपत्रिकांतल्या चुका काढून द्यायचे. श्रद्धांजलीचा फ्लेक्स निघायला लागला की खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसायचे.

चौथ्या दिवशी म्हणाले, "भाऊ, यादी उघडा जरा. थोडा बदल करायचा आहे."

मी फाईल उघडली.

"के-टूचा शेरा. 'अत्यंत' काढून टाका. नुसतं 'कडक' ठेवा."

मी काढलं. दुसऱ्या दिवशी नंगा पर्वताचं 'जुना गुन्हेगार' गेलं. ते म्हणाले, जुन्या गोष्टी किती दिवस धरून बसायच्या. त्याच्या पुढच्या दिवशी युरोपातल्या दोन शिखरांवरचे आक्षेप मागं घेतले. दहाव्या दिवशी अन्नपूर्णेवर आले.

"तिला तिसऱ्या नंबरावर घ्या. आणि शेरा लिहा, 'स्वभावाने शांत. काही प्रसंगी गैरसमज.'"

मी हसलो. "काका, फाईल काय म्हणते?"

काका हसले नाहीत. स्क्रीनकडे बघत म्हणाले, "लिहा ना, भाऊ. मी तिच्याबद्दल जरा जास्तच बोललो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मला माझीच लाज वाटली. काकांच्या घरात बुद्धांची एक लहान मूर्ती आहे. नवस, अंगारा, गंडेदोरे यातलं काही तिथं चालत नाही, आयुष्यात त्यांनी कुणाकडं काही मागितलं नाही. मुलगी बर्फात होती आणि या माणसाला साकडं घालायला कुणी नव्हतं. म्हणून ते रोज एकेका डोंगराची समजूत काढत होते. त्या शिखराचे हे सगळे थोरले नातेवाईक, त्यांच्याबद्दल इतकी वर्षं जे वाईट बोललो ते मागं घेतो, पण तिच्यावर राग काढू नका, असं काहीतरी चाललं होतं. मी निमूटपणे टाइप केलं. 'गैरसमज'च्या पुढं 'क्षमस्व' घालू का, असंही विचारलं. ते म्हणाले, नको, फार होईल.

त्याच दिवशी त्यांनी काकूंबद्दल सांगितलं. काकू गेल्या त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. सोमवारी साधा ताप आला आणि शुक्रवारी त्या नव्हत्या. त्यांचा अर्ज काकांच्याच टेबलावर आला. नियमानं तो दुसऱ्यानं तपासायचा, पण तो दुसरा माणूस रजेवर होता, म्हणून काकांनीच सगळे रकाने बघितले.

"ठिकाणाच्या रकान्यात घराचा पत्ता होता," ते म्हणाले. "आपलंच घर. त्याच्यावर काय शेरा मारणार? डोंगराचं एक बरं राहते, भाऊ. तो आपल्या जागी उभा असते. आपण गेलो नाही तं तो काही घरी येत नाही."

मग फोनकडे बघून म्हणाले, "पण ही गेली तिच्या पायानं."

इकडे देवधरांना उत्साह आला होता. सुजाता सोसायटीचं नाव काढणार, म्हणून त्यांनी फ्लेक्स आधीच करून ठेवायला सांगितला. 'गढवाल हिमालयातील शिखर यशस्वीरीत्या सर करणाऱ्या आपल्या सुजाताचे हार्दिक अभिनंदन', खाली कमिटीतल्या सातही जणांचे फोटो, सुजाताच्या फोटोपेक्षा मोठे. मी छापलाही. यंत्रातून तो बाहेर आला आणि काकांनी वाचला.

"'सर करणाऱ्या' काढा," ते म्हणाले.

"आता छापून झालाय, काका."

"मग दुसरा छापा. 'स्वागत' लिहा. नुसतं स्वागत."

देवधर तिथंच उभे होते. "अहो रामटेके, नुसतं स्वागत कशाबद्दल ते लोकांना कळायला नको का?"

"ती घरी येऊन राहिली त्याबद्दल," काका म्हणाले. एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला तेव्हा पहिल्यांदा ऐकला. देवधर चहा घ्यायला निघून गेले.

कॅलेंडरवरच्या टिंबाची तारीख आली आणि गेली. त्यानंतरचे दोन दिवस काकांनी यादीत काही बदल सुचवला नाही. बदलायला उरलंच नव्हतं. सगळे डोंगर सज्जन झाले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. काकांनी घाईनं नको ते बटण दाबलं आणि फोन स्पीकरवर गेला. तो बंद कसा करायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मलाही मध्ये पडायचा धीर झाला नाही.

"बाबा, खाली आले मी. गावात आहे. वेदर खराब होतं म्हणून लेट झालं."

"सगळे आले?"

"सगळे." फोन खरखरला. "बाबा, मी वर नाही पोचले. माझ्या पार्टनरला त्रास व्हायला लागला, तिला घेऊन मी फिरले. बाकीचे जाऊन आले. टॉप दिसत होता, बाबा. अगदी क्लिअर दिसत होता." ती रडायला लागली. "ऑफिसमध्ये सगळे वाट बघतायत. सोसायटीत काय सांगायचं? मी फेल झाले."

काकांनी फोन दोन्ही हातांत धरला होता. मला वाटलं, आता हे नेहमीप्रमाणं भावना बाजूला ठेवायला सांगणार.

"सुजाता, ऐक माय," ते म्हणाले. "मी तेहतीस वर्षं त्या टेबलावर बसलो. जे गेले त्यांचेच कागद माह्यासमोर आले. मी घरी नीट पोचलो, एवढं सांगायला एक माणूस कधी आला नाही. तू पहिली आहेस."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. काकांचा चष्मा खाली घसरला होता आणि तो वर करायला त्यांच्याकडे हात मोकळा नव्हता. ते रडत होते.

मी बाहेर आलो आणि शटर अर्धं खाली ओढलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पत्रिकेचा मजकूर घेऊन आलं. बंद का, म्हणून विचारायला लागलं.

"पाच मिनिटं थांबा," मी म्हणालो. "मुलीचा फोन आलाय."

"कुणाच्या मुलीचा?"

"आमच्या," मी म्हणालो.