वाटणीबाहेरची हवा

शेख डॉक्टरांच्या व्हॅनमध्ये पुढची सीट माणसाला मिळत नाही. तिथं एक यंत्र बसतं, तेही पट्टा बांधून. मी त्यांचा पंधरा वर्षांपासूनचा शेजारी, लातूरच्या दोन शिकवण्यांमध्ये रसायनशास्त्र शिकवणारा बऱ्यापैकी मानाचा माणूस, पण मला जागा मागं, सलाइनची खोकी आणि बादली यांच्यामध्ये. एकदा मी कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "सर, तुम्ही आपटलात तर प्लास्टर घालता येतं. हिचे पार्ट मिळत न्हाईत."

ही म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं, गुडघ्याएवढ्या उंचीचं, खाली चाकं असलेलं यंत्र. साथीच्या दिवसांत अशा यंत्रासाठी लोक हातापाया पडत होते. साथ ओसरली आणि तीच यंत्रं अडगळीत गेली. माझ्या एका साडूनं तर त्यावर ओला टॉवेल वाळत घातलेला मी पाहिला आहे. डॉक्टरांनी तसलंच एक मिळवलं, नीट केलं, व्हॅनमध्ये मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवला, आणि ते गुराढोरांच्या कामी लावलं. सरकारी नोकरीतून ते निवृत्त झाले होते. बायको वारलेली, मुलगी हैदराबादला. घरी बोलायला कुणी नाही, त्यामुळे बाहेर ते फार बोलत.

आमची गल्ली म्हणजे डॉक्टर तयार करायचा कारखाना. घराघरावर वसतिगृहाची पाटी, गॅलरीत दोऱ्यांवर बाहेरगावच्या पोरांचे शर्ट, आणि प्रत्येकाच्या तोंडी कटऑफ. या सगळ्या भावी डॉक्टरांना गल्लीतला खरा डॉक्टर दिसत नसे, कारण तो जनावरांचा. शेख डॉक्टरांना त्याचं काही वाटत नव्हतं. टपरीवर चहा घेताना ते पोरांना म्हणत, "तुम्ही सगळे मिळून एकाच प्राण्याचे डॉक्टर होणार. बाकी राहिले ते समदे माझ्याकडं."

आणि मग यंत्राचं व्याख्यान सुरू. ते त्यांना कुठंही लागे, लग्नात, दर्ग्याच्या पायरीवर, पिठाच्या गिरणीत. हवा पाच वाट्या घ्या, त्यात चार वाट्या नायट्रोजन. तो चाळणीत अडकवायचा, उरलेली वाटीभर हवा जनावराला पाजायची, आणि थोड्या थोड्या वेळानं चाळणी झटकायची. मी जे दोन तास फळ्यावर शिकवतो ते हा माणूस दोन मिनिटांत सांगायचा, आणि माझेच विद्यार्थी माना डोलवायचे. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? व्याख्यानाचा शेवट ठरलेला. "आणि सर, ही हवा कुणाच्या वाटणीतली न्हाई." मला ते नुसतं शेपूट वाटायचं.

एक गोष्ट मात्र कळत नव्हती. सिलिंडर भरून ठेवणं त्यापेक्षा सोपं, वीज लागत नाही, बॅटरीचा घोर नाही. एका औषधवाल्यानं भरलेला सिलिंडर आपणहून देऊ केला, तर डॉक्टर असे उखडले की तो बिचारा महिनाभर या गल्लीत फिरकला नाही.

गेल्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी, त्यांनी मला वायर धरायला म्हणून सोबत घेतलं. रेणापूरच्या पलीकडं अनसूयाबाई नावाच्या म्हातारीची गाय अडली होती. बाईंच्या घरात माणूस नाही. ती गाय, आणि तिचं होऊ घातलेलं वासरू, एवढंच काय ते घर.

आम्ही पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी वासरू ओढून काढलं होतं. कालवड होती. ओल्या गोणपाटासारखी पडलेली, जीभ निळी. डॉक्टर गुडघ्यावर बसले, बोटांनी तोंडातला चिकटा काढला, नाकपुडीत गवताची काडी फिरवली. बरगडी जरा हलली. मग त्यांचा आवाजच बदलला. कालवडीला छातीवर बसवा, गोणपाटानं अंग चोळा, सर वायर आणा. मी यंत्र उतरवलं आणि व्हॅनमधून वायर ओढत गोठ्यात आणली. पाण्याची प्लास्टिकची बाटली कापून, कडेला कापड शिवून केलेला त्यांचा मास्क कालवडीच्या तोंडावर बसला. यंत्र घुरघुरू लागलं. निळी जीभ हळूहळू गुलाबी व्हायला लागली, आणि मी स्वतःच्याच नकळत देवाचं नाव घेतलं.

तेवढ्यात यंत्र टीं टीं ओरडायला लागलं.

झालं होतं असं, की एवढं थोर यंत्र दारात आलं म्हणून अनसूयाबाईंच्या शेजारी राहणाऱ्या जावेनं त्याची पूजा केली. समोर आम्ही सगळे होतो, म्हणून बिचारीनं मागच्या अंगाला केली. आणि एका बोटानं नव्हे, मूठमूठ हळद-कुंकू. यंत्र हवा ओढतं ते मागूनच. तिथला स्पंज पिवळाधमक होऊन गच्च बसला होता. वर ती बाई उदबत्ती पेटवून जागा शोधत होती.

डॉक्टरांनी उदबत्ती तिच्या हातातून घेऊन बादलीत बुडवली. ऑक्सिजनजवळ ठिणगी म्हणजे गोठा पेटायचा, हे समजावायला वेळ नव्हता. त्यांनी स्पंज काढला, भिंतीवर आपटला, फुंकला, पुन्हा आपटला. दाढी, चष्मा, सगळं पिवळं. एरवी मी पोट धरून हसलो असतो. पण मी कालवडीची छाती चोळत होतो आणि तळहाताखाली काहीच लागत नव्हतं. अनसूयाबाई गाईच्या मानेला धरून उभ्या होत्या. डॉक्टरांनी एकदाच त्यांच्याकडं पाहिलं आणि मान फिरवली.

स्पंज बसला, टीं टीं थांबली. किती वेळ गेला मला माहीत नाही. मग कालवड शिंकली. मोठी, ओली शिंक, थेट माझ्या शर्टावर. पाठोपाठ कान हलला, गाय हंबरली, आणि अनसूयाबाई मटकन खाली बसल्या. जाऊबाई कोपऱ्यात तोंड लपवून उभी होती. तिला डॉक्टर हळूच म्हणाले, "पूजा करा मावशी, पण म्होरल्या अंगानं. मागं तिचं नाक हाय."

परतताना मला वाटलं होतं, आज लातूर येईपर्यंत व्याख्यान. पण थोडं पुढं एका कडुनिंबाखाली त्यांनी गाडी उभी केली. उतरून तोंड धुतलं. हळद काही गेली नाही. मग बांधावर बसले आणि सांगायला लागले.

भूकंपाच्या वेळी ते नोकरीत नवे होते. औशाच्या पुढं एका गावात त्यांना पाठवलं होतं. माणसं ढिगाऱ्यातून काढायचं चाललेलं, आणि हा तरणा डॉक्टर जनावरांना सुया टोचत फिरतोय, म्हणून लोक शिव्या घालत. एका बाईचं सगळं घर गेलं होतं. मुलगा, सून, नातवंडं, सगळी. ढिगाऱ्यातून जित्ती निघाली ती फक्त गाय, छातीत धूळ भरलेली. डॉक्टरांनी कुणालाही न विचारता माणसांच्या दवाखान्यातला एक सिलिंडर आणला होता. तो तिला लावला, आणि गाय मान उचलायला लागली.

"तेवढ्यात जखमींच्या तंबूतून माणूस पळत आला," ते म्हणाले. "आत एक पोरगी हाय, नळकांडं द्या. मी काढलं, सर. माझ्या हातानं गाईच्या नाकावरून काढलं आणि दिलं."

पोरगी वाचली का, मी विचारलं.

"हौ, वाचली. गाय घंटाभरात गेली. ती बाई तिचं तोंड मांडीवर घेऊन बसली होती."

त्यांच्या त्या वाटणीचा अर्थ मला तेव्हा लागला. इतके दिवस मी ज्याला शेपूट समजत होतो, त्यासाठीच हा माणूस एवढा खटाटोप करत होता. कुणाच्याही नाकावरून काढून आणावी लागू नये, अशी हवा त्यांना हवी होती. मला माझी लाज वाटली. काहीतरी बोलायला हवं होतं. मुलांच्या कसल्याही शंकेला माझ्याकडं तयार उत्तर असतं, तसंच याही वेळी तोंडातून निघून गेलं.

"डॉक्टर, तुम्ही बरोबरच केलंत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चष्म्याच्या काचेवर कुंकू अजून तसंच होतं.

"तीबी हेच म्हणली, सर," ते म्हणाले. "माझ्या डोक्यावर हात ठेवला आन म्हणली, बरोबर केलंस लेकरा. तिनं शिव्या द्यायला पाहिजे होत्या."