चंद्रविलासची मूळ अवस्था

नगरातल्या चंद्रविलास नाट्यगृहाचे जतन करावयाचे ठरले, तेव्हा ते पाडावयाचे ठरून बराच काळ लोटला होता. कोणत्या खात्याने पाडायचे यावर एकमत होईना, म्हणून इमारत उभी राहिली. आणि इतकी वर्षे उभी राहिली, म्हणून तिला वारसा म्हणू लागले.

या बातमीने सर्वांत जास्त हरखले ते एडविन भिंगारदिवे सर. मिशनच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला हा माणूस उभा जन्म हौशी नाटके बसवीत आला होता. त्यांनी तडक छबूबाईंचे घर गाठले. छबूबाई म्हणजे चंद्रविलासची एकेकाळची नायिका. पाथर्डीकडून आलेली ही पोर रंगमंचावर उभी राहिली की मागच्या बाकावरचा माणूसही तंबाखू मळायचा थांबे. आता गुडघे गेले होते, आवाज मात्र खणखणीत होता.

"बाई, पडदा पुन्हा उघडणार. पहिला प्रवेश तुमचा. हा माझा शब्द."

"सर, मरायच्या आदी येकदा त्या फळ्यांवर उभं करा. मग कुटंबी न्या मला," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून भाकरी थापता थापता संवाद घोकू लागल्या.

सरांनी शब्द दिला खरा, पण तो जतन समितीला विचारून दिला नव्हता.

समितीने पुण्याहून वारसा सल्लागार आणल्या, राजनंदिनीबाई. त्यांचे म्हणणे सरळ होते. वास्तू तिच्या मूळ अवस्थेत न्यायची, आणि मूळ अवस्था म्हणजे उपलब्ध पुराव्यात दिसते ती. शोध शोध शोधून पुरावा एकच निघाला, एक फोटो. नाटक कंपन्या बसल्या त्या काळात मालकाने चंद्रविलास एका अडत्याला भाड्याने दिले होते, तेव्हाचा. फोटोत रंगमंचापासून दारापर्यंत कांद्याच्या गोण्या होत्या आणि सर्वांत वरच्या गोणीवर अडत्या समाधानाने बसला होता.

"म्हणजे हे मुळात कांद्याचं गोडाऊन," राजनंदिनीबाईंनी निष्कर्ष काढला.

"अहो, गोण्यांच्या मागे पडदा दिसतोय! त्यावर राजवाडा रंगवलाय!" सर ओरडले.

"शेठ हौशी दिसतात," राजनंदिनीबाई म्हणाल्या आणि तशी नोंद केली.

कामाला सुरुवात झाली. खुर्च्या पुराव्यात नव्हत्या, त्या काढल्या. फोटोत भिंतीला ओल दिसत होती, म्हणून छपराची गळती जशीच्या तशी जपली. गोण्यांसाठी फायबरच्या कांद्यांची निविदा निघाली. त्या आठवड्यात खऱ्या कांद्याला कुत्रे विचारीत नव्हते. फायबरचा कांदा मात्र चढ्या दराने गेला.

सरांनी समितीचे अभियंता बिभीषणराव यांना गाठले. बिभीषणराव वाईट माणूस नव्हता. तो फक्त नियमात राहणारा होता.

"सर, माझं काय जातंय? इथं नाटकं झाली याचा पुरावा आणा. प्रेक्षकाचं एक फाटकं तिकीट आणा. आजच्या आज गोण्या उचलतो."

एवढेच ना! सरांनी गावभर निरोप धाडला. समितीपुढच्या सुनावणीला अर्धे नगर लोटले. एक वयोवृद्ध डॉक्टर तर बोलता बोलता हुंदके देऊ लागले. काय ती नाटके, काय त्या छबूबाई!

"तिकीट?" बिभीषणरावांनी विचारले.

"मला पास असायचा," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले.

वकीलसाहेब पहिल्या अंकानंतर शिरत, तेव्हा दारावर कुणी नसे. पत्रकाराला प्रश्नच अपमानास्पद वाटला. गावातल्या एका शेठजींनी कंपनीला एकदा जेवण घातले होते, त्यानंतर तिकीट काढणे बरे दिसले नसते. शेवटी सगळ्यांनी सरांकडे पाहिले. सर खाली बघत म्हणाले, "मी पडदा ओढू लागायचो. त्यामुळे..."

छबूबाई ताडकन उठल्या, गुडघे विसरून. "आवं, मी हितं रडत हुते अन् म्होरं समदं थेटर रडत हुतं! त्या डोळ्यांतल्या पान्याची पावती फाडायला पायजे हुती व्हय?"

"तुमची साक्ष मोलाची आहे, बाई. पण तुम्ही पडलात नटी. हितसंबंध येतो," बिभीषणराव हळहळून म्हणाले, आणि मग त्यांना खरेच दया आली. त्यांनी एक प्रयोग मंजूर केला. तिकिटे खपली, तर नाट्यगृह. नाही खपली, तर गोडाऊन.

गाव पेटून उठले. आपली छबूबाई, आपले चंद्रविलास! मोबाईलवर संदेशांचा पूर आला, हात जोडलेल्या चित्रांसकट. रविवारी फाटकाशी ही गर्दी! सर तिकीटखिडकीत बसले होते. डॉक्टर कुटुंबकबिला घेऊन आले. "ओळखलंत ना सर? सुनावणीत रडलो तो मीच." असे म्हणून ते आत गेले. वकील पहिला अंक संपायची वाट पाहत चहाच्या टपरीवर थांबले. एका होतकरू पुढाऱ्याने पासच छापून आणले होते, वर स्वतःचा फोटो. बिभीषणराव तपासणीसाठी आले. तपासणीला सोबत पत्नी, मेहुणी आणि मेहुणीच्या सासूबाई होत्या.

माणसे गोण्यांवर बसली, गोण्यांमध्ये बसली. आणि छबूबाई फळ्यांवर उभ्या राहिल्या. काय सांगावे! गळणाऱ्या छपराखाली अख्खे थिएटर मुसमुसत होते. बिभीषणरावांचा रुमाल भिजला.

प्रयोगानंतर मोजणी झाली. खपलेले तिकीट एक. ते छबूबाईंनी काढले होते.

"मला वाटलं, पयलं कुनी काढलं की मागनं बाकीचे काढत्याल," बाई पुटपुटल्या.

"कलावंताला प्रेक्षक धरता येत नाही," बिभीषणराव जड अंतःकरणाने म्हणाले. पुढच्याच आठवड्यात मूळ अवस्थेतील कांदा गोडाऊनचे थाटात लोकार्पण झाले. सर त्या रात्री जेवले नाहीत. त्यांना बाईंना तोंड दाखवायची लाज वाटत होती. बाईच आल्या.

"जिवाला लावून घिऊ नगा, सर. उभी ऱ्हायले की मी. पर येक सांगू? मानसं लई चांगली हायती. रडाया बोलवा, समदी येत्यात."

वाचकहो, तुम्हालाही चुटपुट लागली असेल. लागणारच, नगरकर का कमी हळहळले होते? जाता जाता सहज विचारतो, हे पुस्तक तुम्ही दुकानातून आणले, की शेजाऱ्याच्या कपाटातून? नाही, राग मानू नका. आणि कुणी मोबाईलवर पाठवले असेल, तर निदान पुढे तरी धाडू नका.