लाल शिक्क्याले जीप नाई

माणूस मरणार हाये हे आधी त्याच्या रक्ताले समजते, मंग डाक्टरले, आन् शेवटी, वेळ उरला तं, त्या माणसाले. आमच्या जंगलातल्या दवाखान्यानं हे दोन हजार तीन साली शास्त्रानं सिद्ध केलं.

पद्धत सोपी हाये. रक्त काढाचं. हिमोग्लोबीन किती, पांढऱ्या पेशी किती, किडनीत कचरा किती, हे मशीन छापते. डाक्टर साहेब ते आकडे नागपूरहून आणलेल्या तक्त्यावर लावते. वाचणाऱ्याले हिरवा शिक्का, मरणाऱ्याले लाल. (पिवळाबी मंजूर होता, पण शाई आली नाई.)

तक्ता एकदम पक्का. त्याच्या हिशेबानं गावातल्या अर्ध्या बाया कवाच्याच मेल्या पाह्यजे. त्या अजूनबी चिखलात वाकून धान रोवून राह्यल्या, हा त्याईचा अडाणीपणा.

चंद्रपूरले न्याले दवाखान्याची जीप एकच. ती मरणाऱ्यावर वाया घालवाची नाई, असं मीटिंगमंधी ठरलं. सरपंचाचा निकेश जुलाब लागले म्हणून हिरवा शिक्का घेऊन गेला, सलाईन लावली, पिच्चर पाह्यला, आन् जिता वापस आला. तक्ता खरा निघाला.

मंग आमच्या शेजारचा मुखरूभाऊ आला. हिवताप डोक्यात चढलेला, अंगात शुद्ध नाई. शिक्का लाल. त्याची बायको वच्छलाबाई जीपच्या दारालेच धरून उभी राह्यली.

"साहेब, गाडी तं उभीच हाये!"

"बाई, ती वाचणाऱ्या पेशंटसाठी आहे."

"वाचणाऱ्याले कायले गाडी? तो तं वाचूनच राह्यला ना!"

साहेबानं तक्ता दाखवला.

"याच्यात माह्या माणसाचं नाव कुठी हाये?"

"नाव नसतं बाई, आकडे असतात."

"मंग आकड्याले मरू द्या ना! याले काऊन मारता?"

ड्रायव्हर लच्छू काच पुसून राह्यला होता. काच साफच होती. "वयनी, मी आत्ता नेतो," तो म्हणे, "फक्त शिक्का बदलून आणा." मांगून रांगेतले लोक वरडले, "ओ बाई, सरका ना! आमचा नंबर जाते."

शेवटी बांगडीवाल्या बाबूभाईचा टेम्पो आला. "माल उतरवा रे, माणूस चढवा!" तो सगळ्याईवर खेकसला. (बाबूभाईले तक्ता वाचता येत नाई.) पण तवापर्यंत दुपार कलली होती. चंद्रपूरच्या वाटेवर, सावली गावाच्या अलीकडंच मुखरूभाऊ गेला.

तक्ता परत खरा निघाला.

वर्षाच्या शेवटी हिशेब झाला. शंभरात अठ्ठ्याण्णव अंदाज बरोबर. उरलेले दोघं लाल शिक्का असून जिते हायेत. त्याईच्या नावापुढं 'मरण बाकी' असं लिहून ठेवलं.

साहेबाचा सत्कार झाला. शाल, नारळ, जिल्ह्यात पह्यला नंबर. पाव्हणे आणाले जीप गेली होती, शिक्का न पाह्यता. वच्छलाबाईले पुढच्या खुर्चीवर बसवलं, काऊन का मुखरूभाऊबी त्या अठ्ठ्याण्णवातच होता. समद्यायनं टाळ्या वाजवल्या. तिनं नाई वाजवल्या. साहेब म्हणे, अशक्तपणा दिसतो, यांचंही रक्त घ्या.

तुमी इथपर्यंत हसत आले, म्हंजे तुमचा शिक्का हिरवा असन. चांगलं हाये. त्या दिवशी रांगेतल्याईचाबी हिरवाच होता. सांभाळून ठेवा. जीप अजून एकच हाये.